घटक ६ : भय आणि भयानक – ‘द डे आफ्टर’ या चित्रपटाला मिळालेला प्रेक्षक-प्रतिसाद

६.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला –
• ‘द डे आफ्टर’ या चित्रपटाची पार्श्वभूमी आणि रचना सांगता येईल.
• एकाच कलाकृतीला मिळालेल्या प्रतिसादांचे निरनिराळे प्रकार उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• ‘भय’ हा लौकिक भाव आणि ‘भयानक’ हा रस यांतील भेद विशद करता येईल.
• कलाकृतीचा आस्वाद आणि तिचा सामाजिक परिणाम या दोन प्रश्नांचा स्वतंत्रपणे विचार करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, हे भरतमुनींचे सूत्र तुम्ही यापूर्वी अभ्यासले आहे. दुःखदायक प्रसंग रंगभूमीवर पाहताना प्रेक्षकाला आनंद का होतो, या प्रश्नाचाही परिचय तुम्हाला झालेला आहे. करुण रसाच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली. भयानक रसाच्या वाट्याला मात्र ती कमी आली.

प्रस्तुत घटकात आपण एका अशा चित्रपटाचा विचार करणार आहोत, की जो पाहून उठल्यानंतरही प्रेक्षकांचे भय संपले नाही. अणुयुद्धात एका सामान्य अमेरिकन शहराचे काय होईल, हे दाखवणारा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाला. त्या एका रात्री सुमारे १० कोटी लोकांनी तो पाहिला. पडद्यावर जे घडले ते उद्या आपल्या घरावर घडू शकते, असे ज्या प्रेक्षकाला मनापासून वाटते, त्याच्या अनुभवाला रसास्वाद म्हणता येईल काय? हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ चित्रपटाची पार्श्वभूमी

कोणताही प्रतिसाद समजून घ्यायचा, तर प्रेक्षक कोणत्या काळात बसून कलाकृती पाहत होता हे आधी पाहावे लागते. १९८३ हे वर्ष अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाच्या अतिशय तणावाच्या वर्षांपैकी एक होते. १ सप्टेंबर रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि त्यातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले. पश्चिम जर्मनीत अमेरिकेची ‘पर्शिंग–२’ ही क्षेपणास्त्रे बसवण्याची तयारी चालू होती आणि तिच्याविरुद्ध युरोपातील शहरांत प्रचंड मोर्चे निघत होते. चित्रपट प्रसारित झाल्यानंतर दोनच दिवसांनी पश्चिम जर्मनीच्या संसदेने या क्षेपणास्त्रांच्या बाजूने कौल दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सोव्हिएत प्रतिनिधी जिनिव्हा येथील वाटाघाटींतून उठून गेले. चित्रपटातील युद्धाला जर्मनीतील तणावातूनच तोंड फुटते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीच्या प्रेक्षकाची मनःस्थिती कळू शकते. बातम्यांतील विषय आणि चित्रपटाचा विषय यांत फारसे अंतर उरले नव्हते.

‘एबीसी’ या दूरचित्रवाणी कंपनीसाठी निकोलस मेयर यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. पटकथा एडवर्ड ह्यूम यांची होती. कथा घडते ती कॅन्सस सिटी हे महानगर आणि तेथून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले लॉरेन्स हे विद्यापीठाचे गाव या परिसरात. हा प्रदेश अमेरिकेच्या नकाशाच्या जवळजवळ मधोमध येतो. शेते, रुग्णालय, विद्यापीठ असे तेथील जीवन शांत आहे. परंतु मिसुरी राज्याच्या लगतच्या शेतजमिनींत ‘मिनिटमन’ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांची भूमिगत कोठारे प्रत्यक्षात होती. शत्रूचा पहिला मारा अशाच ठिकाणी होणार, हे उघड होते.

६.३.२ रचना : ओळखीचे घर आणि त्याचा विध्वंस

चित्रपटाचा पूर्वार्ध मुद्दामच संथ आहे. डॉ. ओक्स रुग्णालयात जातात, शेतकरी डालबर्ग यांच्या घरी मुलीच्या लग्नाची तयारी चालली आहे, एक विद्यार्थी आपल्या घराकडे निघाला आहे. जर्मनीतील तणावाच्या बातम्या रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर चालू आहेत. पण ही माणसे त्या अर्धवट ऐकतात आणि कामाला लागतात. घरात बसून दूरचित्रवाणी पाहणाऱ्या प्रेक्षकाचेही नेहमीचे वागणे हेच असते.

मग अचानक शेतांमधून क्षेपणास्त्रे आकाशात झेपावतात. ती आपल्याच बाजूची आहेत. पण ती गेली याचा अर्थ समोरून येणारीही निघाली असतील, किंवा लवकरच निघतील, हे पाहणाऱ्याला कळते. हल्ला कोणी आधी केला, हे चित्रपट अखेरपर्यंत स्पष्ट करीत नाही. या मौनाचे महत्त्व पुढे आपल्या ध्यानात येईल.

हल्ल्यापूर्वीचा एक प्रसंग विशेष अभ्यासण्याजोगा आहे. धोक्याचा इशारा मिळालेला आहे, घरातील सर्वांना तळघरात जायचे आहे. आणि डालबर्ग यांची पत्नी ईव्ह वरच्या खोलीत पलंगावरची चादर नीट करीत राहिली आहे. पती तिला खाली चलण्यास सांगतो, ती ऐकत नाही. अखेर तो तिला उचलून नेतो, तेव्हा ती आक्रोश करते. या प्रसंगात स्फोट नाही, रक्त नाही. रोजचे काम करीत राहिले तर रोजचे जगही टिकून राहील, अशी एका गृहिणीची वेडी आशा तेवढी आहे.

उत्तरार्धात मृत्यू, किरणोत्सर्गाने होणारे आजार, अन्नासाठी होणारी मारामारी आणि कोलमडलेली शासनव्यवस्था यांचे चित्रण येते. दूषित झालेल्या जमिनीचा वरचा थर खरवडून टाका, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. इतकी माती काढायची कशी आणि टाकायची कोठे, असे ते विचारतात. या साध्या प्रश्नापुढे सल्ला देणाऱ्याचे अज्ञान उघडे पडते. शेवटी मरणासन्न डॉ. ओक्स आपल्या घराच्या जागी पोहोचतात. तेथील ढिगाऱ्यात अनोळखी माणसे आश्रयाला बसलेली असतात. ‘हे माझे घर आहे, निघा’ असे ते म्हणतात, तेव्हा त्यांतील एक जण त्यांच्यापुढे कांदा धरतो. डॉक्टर गुडघ्यांवर कोसळतात आणि एक वृद्ध त्यांना मिठी मारतो. त्यानंतर पडद्यावर निवेदन येते : प्रत्यक्ष अणुयुद्धातील संहार येथे दाखवलेल्या संहाराहून बहुधा अधिक भीषण असेल.

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला जाहिरातींची सवय असते. जाहिरात लागली की तो उठतो, पाणी पितो, घरच्यांशी बोलतो. म्हणजे कथेतून बाहेर पडून पुन्हा आत येतो. या चित्रपटात अणुहल्ल्यानंतर एकही जाहिरात दाखवण्यात आली नाही. बाहेर पडण्याची ती नेहमीची वाट त्या रात्री बंद होती.

६.३.३ प्रतिसादांचे प्रकार

या चित्रपटाला मिळालेल्या प्रतिसादांचे पुढीलप्रमाणे चार प्रकार करता येतात.

(अ) आपलेच गाव पाहणारा प्रेक्षक : लॉरेन्स येथील चित्रीकरणात तेथील रहिवाशांनीच मोठ्या संख्येने गर्दीतील माणसांच्या भूमिका केल्या होत्या. अंगावर जखमांची रंगभूषा करून ते आपल्याच रस्त्यांवर उभे राहिले होते. प्रसारणाच्या रात्री त्यांनी आपले विद्यापीठ, आपले रस्ते आणि आपले शेजारी पडद्यावर नष्ट होताना पाहिले. त्याच रात्री गावातील लोक हातांत मेणबत्त्या घेऊन एकत्र जमले.

(आ) भयभीत प्रेक्षक : लहान मुलांनी हा चित्रपट पाहू नये, कुटुंबांनी तो एकत्र पाहावा व त्यावर बोलावे, अशा सूचना प्रसारणापूर्वी देण्यात आल्या होत्या. मानसिक आधार हवा असणाऱ्यांसाठी दूरध्वनीची सोय करण्यात आली होती. कलाकृती दाखवणाऱ्यांनीच तिच्या परिणामासाठी अशी तयारी करून ठेवावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

(इ) मत घेऊन आलेला प्रेक्षक : चित्रपट संपताच त्याच वाहिनीवर टेड कॉपेल यांच्या सूत्रसंचालनाखाली चर्चा झाली. तीत हेन्री किसिंजर, रॉबर्ट मॅक्नमारा, ब्रेंट स्कोक्रॉफ्ट, विल्यम बकली, लेखक एली विझेल आणि शास्त्रज्ञ कार्ल सेगन सहभागी झाले होते. परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांचीही मुलाखत झाली. असे युद्ध कोणालाही मान्य होणार नाही, म्हणूनच ते टाळणारे सरकारचे धोरण योग्य आहे, असा शुल्ट्झ यांच्या बोलण्याचा रोख होता. हा चित्रपट अमेरिकेचे संरक्षणधोरण दुबळे करण्यासाठी काढला आहे, असे बकली यांना वाटत होते. सेगन यांनी अणुयुद्धानंतर धूर आणि काजळीने सूर्यप्रकाश अडून येणाऱ्या ‘आण्विक हिवाळ्या’ची माहिती दिली आणि वास्तव याहूनही वाईट असेल असे सांगितले. हल्ला कोणी आधी केला याविषयी चित्रपट मौन पाळतो; त्या रिकाम्या जागेत प्रत्येकाने आपापले मत भरले.

(ई) निर्णय घेणारा प्रेक्षक : राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी प्रसारणापूर्वी, १० ऑक्टोबर १९८३ रोजी, हा चित्रपट पाहिला. चित्रपट प्रभावी आहे आणि तो पाहून आपण अतिशय खिन्न झालो, अशा आशयाची नोंद त्यांनी आपल्या दैनंदिनीत केली. ज्याच्या आदेशावरून ही क्षेपणास्त्रे सुटू शकत होती, असा हा प्रेक्षक होता.

६.३.४ भय आणि भयानक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लौकिक भय आणि भयानक रस यांतील भेद अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त एका प्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट केला आहे. ‘अभिज्ञानशाकुन्तला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणारे हरिण येते. ते भ्यालेले आहे, हे आपल्याला जाणवते. परंतु ‘मी भ्यालो’ किंवा ‘माझा मित्र भ्याला’ अशा रूपात ते भय आपल्यापुढे येत नाही. तसे ते आले असते, तर आपण पळून गेलो असतो किंवा दुःखी झालो असतो. तेथे भय आहे. पण ते अमक्याचे, अमक्या ठिकाणचे, अमक्या वेळचे राहिलेले नाही. या प्रक्रियेलाच साधारणीकरण असे म्हणतात. उलट, प्रेक्षक स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात अडकून पडणे, हे अभिनवगुप्तांच्या मते रसास्वादातील एक विघ्न होय.

या कसोटीवर ‘द डे आफ्टर’ पाहिला, तर एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्याला अभिनवगुप्त विघ्न म्हणतात, तेच या चित्रपटाचे मुख्य साधन आहे. खऱ्या गावाचे नाव, खरे रस्ते, त्याच आठवड्याच्या बातम्यांतील राजकारण, या सर्वांतून ‘हे तुझ्याविषयी आहे’ असे प्रेक्षकाला सतत बजावले जाते. लॉरेन्समधील प्रेक्षकापुढचे हरिण तो स्वतःच होता.

मराठी समीक्षेतील एक संकल्पना येथे उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पूर्णपणे सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेतून आनंद होतो, असा तिचा आशय आहे. राजाच्या सुखदुःखात रमलेला वाचक पुस्तक मिटले की आपल्या घरी परततो. पण ज्या घरी परतायचे तेच घर धोक्यात आहे असे त्याला दाखवले, तर? दोन भूमिकांमधील अंतरच मिटते. अॅरिस्टॉटलने भयाची मीमांसा करताना आपल्यासारख्याच माणसावर ओढवलेले संकट पाहून भय वाटते असे म्हटले आहे. परंतु ‘आपल्यासारखा’ आणि ‘आपण’ यांत एक अंतर त्यानेही गृहीत धरले आहे. ते अंतर नसेल, तर विरेचनालाही जागा राहत नाही.

हे अंतर राखूनही अणुयुद्धावर चित्रपट काढता येतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) या चित्रपटात पृथ्वीचा विनाश होतो आणि प्रेक्षक हसतो. सेनापती आणि मुत्सद्दी यांच्या मूर्खपणावर तेथे उपहासाचा झोत आहे. सामान्य कुटुंबाचे घर तेथे दिसत नाही. हसणारा प्रेक्षक त्या मूर्खांपासून दूर उभा राहून विचार करू शकतो. ‘द डे आफ्टर’ने प्रेक्षकाला असे दूर उभे राहू दिले नाही.

मग या चित्रपटात रसास्वादाला स्थानच नाही, असे म्हणावे काय? तसे म्हणणे एकांगी ठरेल. ईव्हचा चादर नीट करण्याचा प्रसंग आठवा. तेथे भय आहे. पण ते शोकात विरघळून गेले आहे. ती स्त्री अमेरिकन आहे की अन्य कोणी, हे तिचा आक्रोश ऐकताना आपल्या मनात राहत नाही. कांदा पुढे करणारा हात पाहतानाही हाच अनुभव येतो. येथे देशकालाची बंधने गळून पडतात आणि करुण रसाचा प्रत्यय येतो. म्हणजे एकाच चित्रपटात काही दृश्ये लौकिक भय जागे करतात, तर काही दृश्ये त्या भयाला रसाच्या पातळीवर नेतात. कोणत्या दृश्याचा कोणता परिणाम होईल, हे पाहणारा कोठे आणि कधी बसला आहे यावरही अवलंबून असते. आज तुम्ही हा चित्रपट पाहिलात, तर स्फोटाची दृश्ये तंत्राच्या दृष्टीने तुम्हाला जुनी वाटतील. पलंगाचा प्रसंग मात्र जुना वाटणार नाही.

६.३.५ परिणाम कसा मोजावा?

प्रसारणापूर्वी अनेकांना वाटत होते की, हा चित्रपट पाहून अमेरिकेचे जनमत एका रात्रीत बदलेल. काहींना ती आशा होती, काहींना ती भीती होती. प्रत्यक्षात प्रसारणानंतर घेतलेल्या पाहण्यांत संरक्षणधोरणाविषयीची लोकांची मते फारशी बदललेली आढळली नाहीत. यावरून ‘चित्रपट निष्प्रभ ठरला’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मत बदलणे हा परिणामाचा केवळ एक प्रकार आहे. जो विषय तज्ज्ञांच्या आकडेवारीत बंदिस्त होता, तो घराघरांत, शाळांत आणि प्रार्थनास्थळांत बोलला जाऊ लागला, हाही परिणामच होय.

दुसऱ्या बाजूने अतिशयोक्तीही टाळावी. ८ डिसेंबर १९८७ रोजी रीगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टन येथे करार करून ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सोडली जाणारी क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचे मान्य केले. रीगन यांच्या दैनंदिनीतील ती नोंद आणि हा करार यांना जोडून ‘चित्रपटाने करार घडवला’ असे अनेकदा सांगितले जाते. या दोहोंच्या मध्ये चार वर्षांचे राजकारण, सोव्हिएत संघातील नेतृत्वबदल आणि दीर्घ वाटाघाटी आहेत. चित्रपट पाहून एक माणूस खिन्न झाला, इतके आपण खात्रीने म्हणू शकतो. त्या खिन्नतेचे पुढे काय झाले, हे सांगताना अभ्यासकाने संयम बाळगला पाहिजे.

अखेरीस एक विचार तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. आज, १९८३ पासून दूर बसून आपण हा चित्रपट अधिक शांतपणे आस्वादू शकतो. कारण त्यातील भय आता आपले राहिलेले नाही, असे आपल्याला वाटते. साधारणीकरणाला लागणारे अंतर काळाने आपल्याला दिले आहे. परंतु अण्वस्त्रे जगातून नाहीशी झालेली नाहीत. मग हे अंतर खरे आहे, की डालबर्ग यांच्या घरातल्याप्रमाणे आपणही बातम्या अर्धवट ऐकत आहोत? या प्रश्नाचे उत्तर साहित्यशास्त्र देऊ शकत नाही. पण हा प्रश्न नेमका कोठे उभा राहतो, हे ते दाखवू शकते.

६.४ सारांश

‘द डे आफ्टर’ (१९८३) या चित्रपटाने ओळखीचे गाव, चालू राजकारण आणि घरगुती जीवन यांच्या आधारे प्रेक्षक आणि कलाकृती यांतील अंतर कमी केले. त्यामुळे अनेक प्रेक्षकांच्या ठिकाणी भयानक रसाऐवजी लौकिक भय जागृत झाले. त्याच चित्रपटातील काही प्रसंगांत मात्र करुण रसाचा प्रत्यय येतो. प्रतिसाद हा कलाकृती, प्रेक्षक आणि काळ या तिघांच्या संबंधातून घडतो. आस्वाद आणि परिणाम हे दोन वेगळे प्रश्न असून त्यांची उत्तरेही वेगळ्या मार्गांनी शोधावी लागतात.

६.५ पारिभाषिक शब्द

साधारणीकरण : भावाचे व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या बंधनातून मुक्त होऊन सर्वांना आस्वाद्य होणे.
रसविघ्न : रसास्वादात अडथळा आणणारी गोष्ट.
सविकल्प समाधी : स्वतःची भूमिका न सोडता पात्राच्या भूमिकेशी समरस होणे.
विरेचन : अॅरिस्टॉटलच्या मते शोकात्मिकेतून करुणा आणि भय या भावनांचे होणारे शुद्धीकरण किंवा निचरा.

६.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट केव्हा प्रसारित झाला?
२) भयानक रस समजावण्यासाठी अभिनवगुप्तांनी कोणते उदाहरण दिले आहे?
३) ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मराठीत कोणी मांडली?

उत्तरे
१) हा चित्रपट २० नोव्हेंबर १९८३ रोजी प्रसारित झाला.
२) ‘अभिज्ञानशाकुन्तला’तील दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण दिले आहे.
३) न. चिं. केळकर यांनी ही कल्पना मांडली.

(आ) सरावासाठी स्वाध्याय
१) ‘ज्याला अभिनवगुप्त विघ्न म्हणतात, तेच या चित्रपटाचे मुख्य साधन आहे.’ या विधानाची चर्चा करा.
२) उपहासातून निर्माण होणारे अंतर आणि भयामुळे नाहीसे होणारे अंतर यांची तुलना करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावावर ओढवलेल्या पूर, दुष्काळ, भूकंप किंवा साथ यांसारख्या आपत्तीवरील एखादी कथा, कविता किंवा लघुपट निवडा. ती आपत्ती स्वतः अनुभवलेल्या एका व्यक्तीला आणि ती न अनुभवलेल्या एका व्यक्तीला ती कलाकृती वाचून दाखवा अथवा दाखवा. दोघांचे प्रतिसाद त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कोणत्या जागी दोघे एकसारखे हलले आणि कोणत्या जागी वेगळे, याची नोंद करून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा. अनुभवलेल्या व्यक्तीने मध्येच थांबायला सांगितले, तर थांबा. ते थांबणेही तुमच्या टिपणात नोंदवण्याजोगा प्रतिसाद आहे.